भयाचे दिवस आणि तारण

गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गांत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा बारावा अध्याय चालला होता. देव हाच आपलें तारण असल्यामुळें आपण भरंवसा धरूं, भिणार नाहीं, अशा आशयाचें त्यांत एक वचन आहे. तें आम्ही मुलांस समजावून देत होतों. इतक्यांत मागच्या बाकावरील एका मुलानें हात वर केला आणि विचारिलें, "सर, तारण म्हणजे आमच्या बाबांनी शेत ठेवलंय, तेच ना?" वर्ग खो खो हंसला, आणि कबूल केलें पाहिजे कीं, आम्हांसही हंसूं आवरलें नाहीं. तो मुलगा मात्र हंसला नाहीं. त्याला उत्तर पाहिजे होतें.

घंटा झाली, मुलें पांगलीं, परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला. विचार करितां करितां असें दिसून आलें कीं, मुलाचा प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. किंबहुना त्या जुन्या हिब्रू संदेष्ट्यांचा सारा उपदेश त्या एका प्रश्नांत येऊन बसला होता. म्हणून यंदाच्या अंकासाठीं कांहीं लिहा असें संपादकांनीं सांगतांच हाच विषय घेण्याचें आम्हीं ठरविलें. या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात व हा अंक त्यांच्या आईबापांच्याही हातीं जातो. म्हणून ज्यांनीं पवित्र शास्त्र कधीं उघडलें नाहीं त्यांसही समजेल अशा रीतीनें लिहिण्याचा यत्न करूं.

प्रथम शब्द पाहूं. मराठींत तारण या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक, तारून नेणें, बुडणाऱ्यास कांठास लावणें. दुसरा, कर्ज घेतांना देणाऱ्याची खातरी व्हावी म्हणून दागिना, घर किंवा जमीन बांधून देणें. ज्याच्यावर आपण भरंवसा ठेवितों तें एक तारण, आणि दुसऱ्यानें आपल्यावर भरंवसा ठेवावा म्हणून आपण जें त्याच्या हातीं देतों तें दुसरें. हिब्रू भाषेंत पहिल्या अर्थाचा शब्द 'येशुआ' असा आहे. संदेष्ट्याचें मूळ नांव यशायाहू. त्याचा अर्थच 'परमेश्वर तारण करितो' असा होतो. येशू हें नांवही त्याच धातूपासून आलेलें आहे. उलटपक्षीं दुःख किंवा पीडा यासाठीं हिब्रूंत जो शब्द येतो त्याच्या मुळाशीं 'अरुंद जागा' असा अर्थ आहे. आणि गंमत अशी कीं, आपल्या 'संकट' या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ अरुंद, चिंचोळें असाच आहे. मनुष्य भ्याला म्हणजे त्यास वाटच दिसेनाशी होते, हें दोन्ही भाषांच्या पूर्वजांनीं ओळखिलें होतें.

अशा चिंचोळ्या जागीं सांपडलेला एक राजा म्हणजे यहूदाचा आहाज. इसवी सनापूर्वीं सुमारें ७३५ व्या वर्षीं दमास्कसचा राजा रसीन व शोमरोनचा राजा पेकह या दोघांनीं एकी करून यरुशलेमावर चाल केली. ती बातमी राजवाड्यांत पोहोंचली तेव्हां, रानांतील झाडें वाऱ्यानें हालतात तसें राजाचें व प्रजेचें काळीज हाललें, असें ग्रंथकार सांगतो. या वेळीं यशया आपल्या लहान मुलास बरोबर घेऊन राजास भेटावयास गेला. कोठें गेला? मंदिरांत नव्हे, दरबारांतही नव्हे. वरच्या तळ्याचा नळ जेथें संपतो तेथें, परिटाच्या शेताच्या सडकेवर. राजा तेथें कां आला होता हें ग्रंथांत दिलेलें नाहीं. परंतु ज्यानें आपल्या जिल्ह्यांत मे महिना काढिला आहे त्यास तें सांगावयास नको. वेढा पडणार म्हणजे पहिली चिंता पाण्याची. राजा पाणी पाहावयास आला होता, असेंच बहुतेक टीकाकार मानितात व आम्हांसही तेंच पटतें.

यशयानें त्यास सांगितलें कीं, सांभाळ, शांत राहा, भिऊं नको. हे दोन राजे म्हणजे धुमसणाऱ्या कोलितांचीं दोन टोंकें आहेत, विझत आलेलीं. आणि मग एक वाक्य म्हटलें, त्यांतील शब्दांचा खेळ मराठींत आणणें कठीण आहे. हिब्रूंत 'विश्वास ठेवणें' आणि 'टिकून राहणें' हीं दोन्ही क्रियापदें एकाच धातूचीं आहेत. आपण प्रार्थनेच्या शेवटीं जो 'आमेन' शब्द उच्चारितों तोही त्याच धातूचा. तेव्हां संदेष्ट्याच्या बोलण्याचा भाव असा: तुम्ही विश्वासांत पक्के नसाल तर पक्के राहणारच नाहीं. विश्वास म्हणजे बुद्धीनें एखादी गोष्ट खरी मानणें एवढेंच नव्हे. भिंतीस पाया असतो तसा मनुष्यास पाया असणें. (मराठींतून हिब्रू शिकविण्याची ही हौस नवी नाहीं. डॉक्टर जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मुंबईस बेने इस्राएल लोकांसाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापविलें होतें. कोंकणांत तेलाच्या घाण्यावर राबणाऱ्या या लोकांनीं शनिवारचा विसावा कित्येक शतकें सोडला नव्हता.)

आहाजानें काय केलें? देवाजवळ चिन्ह मागून घे असें संदेष्ट्यानें म्हटलें, तेव्हां त्यानें मोठ्या भाविकपणानें उत्तर दिलें कीं, मी देवाची परीक्षा पाहणार नाहीं. बोलणें धार्मिक होतें; परंतु मन अगोदरच दुसरीकडे लागलेलें होतें. त्यानें परमेश्वराच्या मंदिरांतील व आपल्या वाड्यांतील सोनेंरुपें काढिलें, तें अश्शूरचा सम्राट तिग्लथ-पिलेसर याजकडे धाडिलें, आणि निरोप दिला कीं, मी तुझा दास व तुझा पुत्र आहें, येऊन मला सोडीव. येथें दोन्ही तारणें समोरासमोर येतात. जें तारण फुकट मिळत होतें तें नाकारून राजानें आपलें राज्यच तारण म्हणून बांधून दिलें. लगेच फायदाही दिसला. इ. स. पू. ७३२ त दमास्कस पडलें, रसीन मारला गेला. लोकांनीं राजाच्या हुशारीची तारीफ केली असेल. पण अश्शूराच्या त्या सम्राटाच्या स्वतःच्या लेखांत खंडणी देणाऱ्या मांडलिकांच्या यादींत यहूदाच्या या राजाचें नांव आढळतें. पुढें ७२२ त शोमरोन बुडालें, आणि कोलितांच्या भीतीनें ज्याला बोलाविलें तो वणवा यहूदाच्या सीमेवर येऊन ठेपला.

यशयानें हें आधींच सांगितलें होतें, व तें पाण्याच्याच दृष्टांतानें. यरुशलेमास शिलोहाचा एक लहानसा प्रवाह होता, संथ, आवाज न करणारा. या लोकांस तें पाणी नकोसें झालें, म्हणून त्यांच्यावर फरात महानदीचा लोंढा येईल व तो गळ्यापर्यंत चढेल, असें तो म्हणाला. आमच्या विद्यार्थ्यांस हा दृष्टांत लोणारास गेल्याशिवाय कळावयाचा नाहीं. लोणारचें सरोवर उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेल्या विवरांत आहे. त्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. कांठावर उभें राहून पाहिलें म्हणजे डोळे दिपतात. परंतु तें पाणी खारें; तहान लागलेल्या मनुष्यास त्याचा एक घोटही उपयोगी नाहीं. त्याच विवराच्या वरच्या कडेस गोमुखाची धार आहे. ती केवढी? ओंजळींत धरतां येईल एवढी. पण ती गोड आहे, आणि उन्हाळ्यांतही वाहत असते. सहलीस गेलेलीं मुलें सरोवराचीं छायाचित्रें काढितात आणि पाणी मात्र धारेचें पितात. आहाजाची निवड याच्या उलट होती.

येथें एक शंका येते, व ती विचारी पालकांच्या मनांत आली असेलच. भरंवसा ठेवा म्हणजे हात जोडून बसा, असें का संदेष्ट्याचें म्हणणें आहे? विहीर खणूं नका, पीकविमा भरूं नका, पेढीकडे जाऊं नका? याचें उत्तर आहाजाच्या मुलाच्या, म्हणजे हिज्कीया राजाच्या चरित्रांत मिळतें.

हिज्कीयानें पाण्याचा प्रश्न बापापेक्षां चांगला सोडविला. गीहोन झऱ्याचें पाणी त्यानें डोंगराच्या पोटांतून बोगदा खणवून गांवांत आणिलें. हा बोगदा अजून आहे. त्याची लांबी सुमारें ५३३ मीटर आहे. १८८० मध्यें यरुशलेमांतील एक शाळकरी मुलगा खेळतां खेळतां पाण्यांतून आंत शिरला असतां त्यास भिंतीवर कोरलेलीं अक्षरें दिसलीं. जुन्या हिब्रू लिपींत खणणाऱ्या मजुरांचा वृत्तांत तेथें कोरलेला होता: दोन टोळ्या दोन बाजूंनीं खणीत आल्या, मध्यें थोडा खडक उरला तेव्हां एकमेकांच्या हांका ऐकूं येऊं लागल्या, आणि शेवटीं टिकाव टिकावास भिडला. राजाचें नांवही त्या लेखांत नाहीं. तो शिलालेख पुढें इस्तंबूलच्या संग्रहालयांत गेला. आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, इतिहासाचे मोठे शोध कधीं कधीं तास चुकविलेल्या मुलांसही लागतात; तरी त्यावरून तास चुकवूं नयेत.

आतां यशया या बांधकामाविषयीं काय म्हणतो तें पाहा. बाविसाव्या अध्यायांत तो नगरवासीयांस बोल लावितो. तुम्हीं घरें मोजलीं, कांहीं पाडून तट बळकट केला, तळ्याचें पाणी सांठविलें, दोन भिंतींच्या मध्यें हौद बांधिला. परंतु ज्यानें हें सर्व पूर्वींच योजिलें त्याकडे दृष्टि लाविली नाहीं. हौद बांधिला हा दोष नव्हे. हौदाकडे पाहतां पाहतां वर पाहण्याचें राहून गेलें, हा दोष. संदेष्ट्याच्या मतें कामाचें व श्रद्धेचें वैर नाहीं. वैर आहे तें भयाचें व श्रद्धेचें. भयानें केलेलें कामही आंधळें होतें. याच सुमारास लोक मिसर देशाकडे घोडे मागावयास धांवत होते. वेगवान घोडे मिळाले म्हणजे आम्ही सुटलों, असें ते म्हणत. आणि यशया म्हणे, तुमच्या पाठीस लागणारे त्याहून वेगवान असतील. परतून स्वस्थ राहण्यांत तुमचा बचाव आहे, शांतपणें भरंवसा धरण्यांत तुमचें बळ आहे, हा त्याचा सल्ला कोणास रुचला नाहीं.

हिज्कीयाही डगमगला नाहीं असें नव्हे. इ. स. पू. ७०१ मध्यें अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला तेव्हां त्यानेंही मंदिराच्या दारांवरील सोनें खरवडून खंडणी भरली: तीस किक्कार सोनें व तीनशें किक्कार रुपें, असें शास्त्रांत आहे. सन्हेरीबाचा स्वतःचा लेख मातीच्या एका षट्कोनी स्तंभावर कोरलेला १८३० मध्यें निनवेच्या अवशेषांत सांपडला. त्यांत सोनें तीसच आहे, रुपें मात्र आठशें. विजेत्याच्या हिशेबांत रकमा फुगतात, हें आपणांस नवें नाहीं! खंडणी घेऊनही तो थांबला नाहीं. यहूदाचीं ४६ तटबंदीचीं गांवें त्यानें घेतलीं व हिज्कीयास पिंजऱ्यांतील पांखरासारखें कोंडिलें, असें तो त्याच लेखांत फुशारकीनें सांगतो. नगर घेतलें असें मात्र सांगत नाहीं.

त्याचा सरदार रब्शाके नगराच्या लोकांस धमकावण्यासाठीं जेथें उभा राहिला ती जागा ओळखीची आहे: वरच्या तळ्याचा नळ, परिटाच्या शेताची सडक. ज्या ठिकाणीं बापास भिऊं नको म्हणून सांगण्यांत आलें होतें, त्याच ठिकाणीं तीस वर्षांहून अधिक काळानंतर बापाचें तारण वसूल करावयास सावकाराचा कारकून येऊन उभा राहिला. राजाच्या अधिकाऱ्यांनीं त्यास विनविलें कीं, आमच्याशीं अरामी भाषेंत बोला, तटावरील लोकांच्या भाषेंत बोलूं नका. त्यावर तो मुद्दाम मोठ्यानें लोकांच्याच भाषेंत ओरडला. भय पसरविणाऱ्यास मातृभाषेची किंमत चांगली कळते. लोकांनीं उत्तर दिलें नाहीं. राजानें तें धमकीचें पत्र घेतलें, मंदिरांत नेलें आणि परमेश्वरापुढें उलगडून ठेविलें. एका रात्रींत अश्शूराच्या छावणींत हाहाकार होऊन सन्हेरीब परत गेला, असें शास्त्र सांगतें. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानें सन्हेरीबाच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या उंदरांनीं कुरतडल्याची एक मिसरी दंतकथा नमूद केली आहे. असो.

आम्हांस त्या प्रसंगीं सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. यशयानें राजास जें चिन्ह दिलें तें आकाशांतलें नव्हतें, शेतांतलें होतें. या वर्षीं आपोआप उगवेल तें खा. दुसऱ्या वर्षीं त्यापासून पुन्हां उगवेल तें खा. तिसऱ्या वर्षीं पेरा, कापणी करा, द्राक्षमळे लावा. म्हणजे शत्रु एका रात्रींत गेला तरी घर सांवरण्यास तीन हंगाम लागणार होते. तारण झालें म्हणजे दुसऱ्या दिवशीं कोठार भरेल, असें वचन संदेष्ट्यानें दिलें नाहीं.

आतां हें सारें दूर देशचें व सत्तावीसशें वर्षांपूर्वींचें झालें. आपल्या महाराष्ट्रांत याची प्रचीति कोठें पाहावी, असें कोणी विचारील तर आम्ही पंडिता रमाबाईंचें नांव घेऊं. १८५८ मध्यें जन्मलेल्या या बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान; कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत फिरे. १८७० नंतरच्या दक्षिणेंतील दुष्काळांत होतें नव्हतें तें संपलें; रानांत पाणी व झाडपाला यांवर दिवस काढण्याची पाळी आली. आई, वडील, थोरली बहीण अशीं एकामागून एक गेलीं. ती भूक त्या कधीं विसरल्या नाहींत. म्हणून १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें ऐकिलें तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि अनाथ मुलींस घेऊन आल्या. त्या वेळीं त्यांच्याजवळ काय होतें? शारदासदनाची, तीही ठराविक मुलींपुरती, सोय. अमेरिकेंतील मित्रमंडळानें दहा वर्षें मदत देण्याची हमी घेतली होती, ती १८९८ मध्यें संपावयाची होती. त्यांतच पुण्यास प्लेग आला व नव्या मुलींस शहरांत ठेवण्यास बंदी झाली. तेव्हां केडगांवच्या शेतांत तंबू व झोंपड्या उभारून त्यांस ठेवावें लागलें. या वस्तीचें नांव पुढें 'मुक्ति' असें पडलें. यशयाच्या साठाव्या अध्यायांत नगराच्या तटांस जें नांव देण्यांत आलें आहे त्याचाही अर्थ तोच.

१८९९-१९०० सालीं दुष्काळ पुन्हां आला, व या खेपेस आमच्या वऱ्हाडासही त्यानें सोडिलें नाहीं. १८९१ च्या मानानें १९०१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडाची लोकसंख्या कमी भरली. अलायन्स मिशनच्या लोकांनीं अकोल्यास व खामगांवास पोरक्या मुलांमुलींस आश्रय दिला. केडगांवीं मुलींची संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. रमाबाई प्रार्थना करीत व विहिरीही खणवीत. मुलींस विणकाम, तेल काढणें, शेतकाम, छापखान्याचें काम शिकविण्यांत आलें. पुढें त्या स्वतः हिब्रू व ग्रीक शिकल्या व सबंध पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. तें त्यांच्याच छापखान्यांत मुलींच्या हातांनीं जुळविलें गेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला. ज्या यशयानें शिलोहाच्या संथ पाण्याविषयीं लिहिलें, त्याचे शब्द दुष्काळांतून वांचलेल्या मुलींनीं खिळ्या जुळवून छापिले, ही गोष्ट आम्हांस फार हृदयंगम वाटते.

परंतु एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. आणिलेल्या सर्व मुली जगल्या नाहींत. उपासानें खंगलेल्या कित्येक मुली केडगांवास पोहोंचल्यावरही दगावल्या. मग त्यांचें तारण कोठें गेलें, असा प्रश्न आहे. आणि त्याला सोपें उत्तर देणाऱ्या शिक्षकावर मुलांनीं विश्वास ठेवूं नये.

हिब्रू संदेष्ट्यांनीं तरी तें सोपें उत्तर दिलें नाहीं. यशयाच्या काळीं नगर वांचलें, म्हणून शंभर वर्षांनीं लोक म्हणूं लागले कीं, हें देवाचें मंदिर आहे, हें पडणारच नाहीं. तेव्हां यिर्मया त्या मंदिराच्याच दारांत उभा राहून म्हणाला कीं, या फसव्या शब्दांवर विसंबूं नका. पूर्वींच्या संदेष्ट्याचें अभयवचन लोकांनीं गळ्यांतला ताईत करून टाकिलें होतें. नगर पडणार असें यिर्मयानें सांगितलें, आणि तें इ. स. पू. ५८७ च्या सुमारास खरोखरच पडलें. पण पडण्याच्या अगोदर, बाबेलच्या सैन्याचा वेढा असतांना, हा मनुष्य पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत होता. तेथें त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला कीं, अनाथोथचें माझें शेत तूं विकत घे. तें शेत तेव्हां शत्रूच्या ताब्यांत. त्याची किंमत कवडी. यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद व एक उघडी, आणि त्या मातीच्या मडक्यांत घालून ठेवावयास सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशांत पुन्हां घरें, शेतें, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढेंच त्यानें त्याचें कारण दिलें. स्वतः तो त्या शेतांत कधीं उभा राहिला असेल असें दिसत नाहीं.

आतां त्या मुलाकडे वळूं. पुढच्या रविवारीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडील भले गृहस्थ. चार एकर कोरडवाहू जमीन, कपाशी आणि सोयाबीन. सोसायटीचें पीककर्ज थकलें होतें, सातबाऱ्यावर बोजा होता. पण त्यांचें काळीज हाललें होतें तें निराळ्याच कारणानें. एक खासगी सावकार त्यांस म्हणाला होता कीं, कर्जापोटीं नांवापुरतें खरेदीखत करून द्या, पैसे दिलेत कीं शेत परत तुमच्या नांवावर. दोन दिवसांत सही करावयाची होती. बियाण्याची वेळ जवळ आली, रात्रीं झोंप लागत नाहीं, म्हणून ते तयार झाले होते. घरांत बायकोसही सांगितलें नव्हतें. मुलानें मात्र ऐकिलें होतें. वर्गांत त्यानें हात कां वर केला, हें आम्हांस तेव्हां कळलें.

आम्हीं त्यांस आहाजाची गोष्ट सांगितली नाहीं. ते भजनी मंडळींतले. त्यांस त्यांच्या विठोबाचा आधार आहे, आणि त्या दिवशीं आम्ही मास्तर म्हणून गेलों होतों. एवढेंच म्हटलें कीं, भाऊ, भीतीच्या दिवशीं सही करूं नका. आठवडाभर थांबा, आणि वहिनींना सांगा. मग चार जणांना विचारून कळलें तें त्यांस सांगितलें: टंचाई जाहीर झालेल्या वर्षीं पीककर्जाच्या पुनर्गठनासाठीं अर्ज करितां येतो, आणि सावकारीच्या व्यवहारांत अशा रीतीनें लिहून घेतलेली जमीन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणें, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागतां येते. हें ज्या पालकांस ठाऊक नसेल त्यांनीं लक्षांत ठेवावें. त्यांनीं सही केली नाहीं. एक बैल विकावा लागला, व त्या हंगामांत अर्धेंच शेत पेरलें गेलें. कर्ज अजून फिटलेलें नाहीं.

मुलगा नववींत गेला. यंदा यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय शिकवून झाल्यावर आम्हीं मुलांस चित्र काढावयास सांगितलें होतें. कोणीं वेढा काढिला, कोणीं तुरुंग. त्यानें एक मडकें काढिलें होतें, तोंडास फडकें बांधिलेलें, आणि पोटांत काय आहे तें दिसावें म्हणून एक बाजू उघडी ठेविली होती. आंत घडी केलेला कागद होता. त्यावर अगदीं बारीक अक्षरांत त्यानें 'सातबारा' असें लिहिलें होतें, आणि खालीं गट क्रमांक.